डीपी जळाली, डीपी बदलला, डीपी कापले : अर्ज लिहिण्याआधी डीपी ओळखायचा कसा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं टेबल आहे. १९८९ साली मराठी तीस अन् इंग्रजी चाळीसची परीक्षा पास करून बसले तेव्हा टाइपरायटर होता. आता कॉम्प्युटर अन् झेरॉक्स मशीन आहे, पण काम तेच. लोक चिठ्ठी आणतात, कधी नुसतं तोंडी सांगतात, मी त्याचा अर्ज करून देते. इतक्या वर्षांत एका अक्षरजोडीनं मला जेवढं थांबवलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. ती म्हणजे डीपी. शेतकरी डीपी म्हणतो, व्यापारी डीपी म्हणतो, प्लॉटवाला डीपी म्हणतो, अन् प्रत्येकाला वाटतं की जगात डीपी एकच, त्याचा स्वतःचा. हे लिहून ठेवते आहे ते माझ्यासारखे अर्ज लिहिणारे, सेतू केंद्रात बसणारी पोरं अन् घरच्यांचे कागद सांभाळणाऱ्या बायका यांच्यासाठी.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ओळखण्याची रीत मला तिनंच शिकवली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मानेवाड्याकडच्या एक काकू आल्या. पती जाऊन तीन महिने झाले होते. बाहेरगावच्या भाच्यानं फोनवर सांगितलेलं त्यांनी वहीच्या पानावर उतरवून आणलं होतं : ‘डीपीकडे ट्रान्समिशनचा अर्ज. मृत्यूचा दाखला. नॉमिनी.’ मी पान वाचलं अन् लगेच ठरवून टाकलं. डीपी म्हणजे वीज, ट्रान्समिशन म्हणजेही वीज, अन् घरधनी गेल्यावर मीटर नावावर करून घ्यायला मृत्यूचा दाखला लागतोच. सगळं जुळत होतं. मी वीज जोडणीच्या नावात बदल करण्याचा अर्ज टाइप केला, काकूंनी सही केली, माझे पैसे देऊन त्या निघाल्या. चार दिवसांनी परत आल्या. उन्हानं चेहरा पार उतरला होता. वीज कार्यालयात दीड तास उभ्या राहिल्यावर तिथल्या बाबूनं विचारलं होतं, ‘मीटर तर तुमच्याच नावावर आहे, मग हा अर्ज काहून?’ काकू माझ्यावर चिडल्या नाहीत. ‘ताई, माझंच लिहिताना काही चुकलं का?’ एवढंच म्हणाल्या. तो प्रश्न मला अजूनही लागतो.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पतीच्या डिमॅट खात्यात शेअर होते. शेअरच्या व्यवहारात डीपी म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, म्हणजे ज्या बँकेत किंवा ब्रोकरकडे डिमॅट खातं उघडलं आहे ती संस्था. अन् खातेदार गेल्यावर शेअर नॉमिनीच्या नावावर चढवायच्या कामाला तिथे ट्रान्समिशन म्हणतात. कोराडी अन् खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या बघत वाढलेल्या माणसाला ट्रान्समिशन म्हटल्यावर टॉवर अन् तारा आठवल्या, यात नवल नाही. पण उत्तर त्या चिठ्ठीतच होतं, ‘डीपीकडे’ या शब्दातल्या ‘कडे’मध्ये. अर्ज माणसाकडे जातो, कार्यालयाकडे जातो. खांबाकडे कोणी अर्ज देत नाही.

तेव्हापासून मी अक्षरं सोडवत बसत नाही, अक्षरांना चिकटलेली मराठी वाचते. इंग्रजीत डीपी सगळीकडे सारखाच दिसतो, पण आपल्या बोलण्यात त्याला लिंग असतं, प्रत्यय असतो, क्रियापद असतं. ‘डीपी जळाली’, ‘डीपी बसवून द्या’ म्हणजे विजेचं रोहित्र, ट्रान्सफॉर्मर, ती बाई. ‘डीपी बदलला’, ‘छान डीपी ठेवला’ म्हणजे मोबाइलवरचा फोटो, तो पुरुष, कारण फोटो पुरुष. ‘डीपी कापले’ म्हणजे पैसे, डिमॅटचे चार्जेस. ‘प्लॉट डीपीत गेला’ म्हणजे विकास योजनेचा नकाशा. ‘डीपी कमी बसली’ असं बँकेच्या खात्याबद्दल बोलतात, कारण तिथे पॉवर आहे अन् पॉवर स्त्रीलिंगी. ‘डीपी नीट लागत नाही’ हे डॉक्टरांचं. म्हणून समोरचा माणूस बोलत असेल तर त्याला मध्ये तोडू नका. वाक्य क्रियापदापर्यंत जाऊ द्या.

हाती नुसती चिठ्ठी असेल अन् त्यात क्रियापदच नसेल, तर दोन गोष्टी बघायच्या. जवळ कोणता आकडा किंवा एकक आहे, अन् शेजारी दुसरी कोणती अक्षरं बसली आहेत. अक्षरं सहसा एकटी येत नाहीत. इलेक्ट्रिशियनच्या यादीत डीपीसोबत एसपी (सिंगल पोल) अन् टीपीएन (तीन फेज अन् न्यूट्रलचा स्विच) असतात. नकाशावाल्याच्या कागदात टीपी असते. दवाखान्याच्या कार्डावर पीटी असतो. पगाराच्या कागदात डीए, म्हणजे महागाई भत्ता.

आता एकेक घेते. जिथे घोळ जास्त होतो तिथे जास्त लिहीन.

शेतकऱ्याची डीपी माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, कुठूनही. ‘ताई, डीपी जळाली. आठ दिस झाले, संत्र्याले पाणी नाही. साहेबाले कडक लिहा.’ ही डीपी म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन उतरवून शेतापर्यंत ४३३ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा देणारं वितरण रोहित्र. वायरमन लोक सांगतात की हे रोहित्र दोन खांबांच्या मधोमध बसवतात, त्या उभारणीला डबल पोल स्ट्रक्चर म्हणतात, त्यावरून डीपी. पुष्कळ जण डिस्ट्रिब्यूशन पॉइंटही म्हणतात. कॉलनीत रस्त्याच्या कडेला फ्यूजची पेटी असते, तिलाही लोक डीपीच म्हणतात, म्हणून शहरातला माणूस असला तर मी विचारते, ‘खांबावरची की खालची पेटी?’ दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते.

या अर्जात ‘कडक’ भाषेपेक्षा खूण महत्त्वाची. मी विषय असा लिहिते : ‘मौजा अमुक येथील ६३ केव्हीए क्षमतेचे वितरण रोहित्र दिनांक अमुकपासून बंद असल्याबाबत.’ मग खाली फीडरचं, म्हणजे तिकडे वीज आणणाऱ्या लाइनचं नाव, खांबावर रंगवलेला क्रमांक असेल तर तो, अर्जदाराचा ग्राहक क्रमांक, त्या रोहित्रावर किती पंप आहेत अन् किती अश्वशक्तीचे. क्षमता रोहित्राच्या पाटीवर लिहिलेली असते, २५, ६३, १०० अशी. शेतकऱ्याला पाठ नसेल तर फोनवर पाटीचा फोटो मागवा. ज्यांचे पंप त्याच रोहित्रावर आहेत त्या सगळ्यांच्या सह्या अन् ग्राहक क्रमांक एकाच अर्जावर घ्या. अर्जात रोहित्र हाच शब्द ठेवा, कारण महावितरणच्या मराठी कागदांत तोच चालतो. ‘गावात डीपी नावाने ओळखले जाते’ एवढं एकदा लिहिलं की पुरे.

विजेतच दुसरा डीपी आहे अन् तो घरातला. इलेक्ट्रिशियननं लिहून दिलं, ‘एसपी ६ - ८ नग, डीपी ३२ - २ नग’, तर तो डबल पोल स्विच किंवा एमसीबी. गीझर, एसी, मेन यांना तो लावतात, कारण तो फेज अन् न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. सिंगल पोल फक्त फेज तोडतो. आकडा अॅम्पिअरचा असतो. नाव इथेही डबल पोलच, पण तिकडे पोल म्हणजे जमिनीत गाडलेला खांब अन् इकडे पोल म्हणजे स्विचातला विजेचा एक मार्ग. अंदाजपत्रक टाइप करताना केव्हीए आला तर खांब, अॅम्पिअर आला तर स्विच.

जमिनीच्या डीपीत मात्र घाई अजिबात करू नका, इथे माणसाची आयुष्याची कमाई अडकलेली असते. ही डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, मराठीत विकास योजना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ याखाली ती तयार होते. कोणत्या जागेवर बाग, कुठे शाळा, कुठे रस्ता, कुठे राहण्याची घरं, हे तीत रंगांनी दाखवलेलं असतं. ‘डीपी रोड’ म्हणजे त्या नकाशात दाखवलेला रस्ता. तो जमिनीवर आज असेलच असं नाही. प्लॉट विकणारा ‘समोर डीपी रोड आहे’ म्हणाला की त्याला विचारा, आहे की दाखवला आहे? अन् ‘डीपी रोड प्लॉटमधून जातो’ असं कोणी म्हणालं तर ती वेगळी अन् मोठी अडचण.

यात तोंडी शब्दावर कधीच अर्ज लिहू नका. आपल्या विदर्भात मौजा, खसरा क्रमांक अन् प.ह.नं. या तिन्हीशिवाय जागा सापडत नाही. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. पुण्या-नाशिककडून आलेली माणसं गट नंबर, सर्व्हे नंबर म्हणतात, त्यांना हे समजावून सांगावं लागतं. शहरातल्या जागेला आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघा. मग पहिला अर्ज हरकतीचा नाही, तर विकास योजनेच्या भाग नकाशाची प्रत अन् झोन दाखला मिळण्याचा करा. अर्ज कोणाकडे द्यायचा हे जागेवर ठरतं : महानगरपालिका, सुधार प्रन्यास की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. तेही आधी विचारून घ्या, कारण चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज परत यायला वेळ लागतो, अन् प्रारूप योजनेवर हरकत घ्यायची असेल तर नोटिशीतली मुदत तोवर निघून जाते. एक गोष्ट अजून, जी फार लोकांना माहीत नसते : अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादन झाली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते. ती नोटीस टायपिंगच्या टेबलावर करून घेऊ नका, वकिलाकडे जा. मी स्वतः अशा लोकांना वकिलाकडेच पाठवते.

या खात्यात आणखी एक जोडी सांभाळायची, डीपी अन् टीपी. टीपी स्कीम म्हणजे नगर रचना योजना, विकास योजनेच्या आत एका लहान भागाची आखणी. एका अक्षराचा फरक वाटतो, पण कागद पूर्ण वेगळे.

अन् नागपूरकरांनी एनआयटीचंही भान ठेवावं. आपल्याला एनआयटी म्हणजे सुधार प्रन्यास, १९३६ च्या कायद्यानं झालेली नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. बाहेरून शिकायला आलेल्या पोराला एनआयटी म्हणजे इंजिनिअरिंगचं कॉलेज, ज्याला आपल्या वयाची माणसं अजून व्हीआरसीई म्हणतात. अन् ठेकेदाराला एनआयटी म्हणजे नोटीस इन्व्हायटिंग टेंडर, निविदा सूचना. ‘एनआयटीची एनआयटी निघाली’ हे वाक्य मी ठेकेदाराच्या तोंडून ऐकलेलं आहे अन् ते अगदी बरोबर होतं.

बँकेची डीपी इतवारी-गांधीबागेच्या बाजारातून येते. ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरच्या कर्जाच्या) खात्यातून प्रत्यक्षात किती रक्कम उचलता येईल ती मर्यादा. मंजूर लिमिट वेगळी अन् डीपी वेगळी, हा फरक दुकान नव्यानं हातात घेतलेल्या पोरांना ठाऊक नसतो. हिशेब करूनच दाखवते. गोदामात २० लाखांचा माल आहे. त्यातला ४ लाखांचा उधारीवर आणलेला, त्याचे पैसे अजून द्यायचे आहेत. तो वजा केला, राहिले १६ लाख. बँकेचं मार्जिन, म्हणजे मालाच्या किमतीतला ज्यावर बँक पैसे देत नाही तो भाग, २५ टक्के धरलं तर ४ लाख आणखी गेले. डीपी बसली १२ लाख. लिमिट १५ लाखांची मंजूर असली तरी त्या महिन्यात १२ लाखांच्या वरचा चेक अडतो. ग्राहकांकडून येणं असेल अन् मंजुरीत ते धरायची मुभा असेल, तर त्यावरची डीपी वेगळी मिळते.

गेल्या दिवाळीआधी धान्याचा एक तरुण व्यापारी आला. चेक परत गेला होता. म्हणाला, ‘मॅडम, डीपी वाढवून मिळण्याचा अर्ज करा.’ मी विचारलं, स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालाचा तक्ता, शेवटचं कधी दिलं? वडील आजारी होते, दोन महिने दिलंच नव्हतं. त्याला अर्जाची गरज नव्हती, ताज्या स्टॉक स्टेटमेंटची होती. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी बँका धरत नाहीत, खातं अनियमित होतं अन् तसंच राहिलं तर थकीत ठरण्याची वेळ येते. आम्ही त्याच टेबलावर तक्ता बनवला. लिमिट वाढवून हवी असेल तर ती नवी मंजुरी, तिचा अर्ज वेगळा, ताळेबंद वेगळे. म्हणून ‘डीपी वाढवा’ हे वाक्य बँकेच्या पत्रात मी कधीच टाइप करत नाही.

व्यापाऱ्यांच्याच कागदांत कधी मध्ये तिरपी रेघ देऊन डी/पी लिहिलेला दिसतो. तो निर्यातीचा : डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट. समोरच्या खरेदीदारानं पैसे भरल्यावरच त्याची बँक त्याला मालाचे कागद देते. त्याचा जोडीदार डी/ए, त्यात खरेदीदार हुंडी स्वीकारतो अन् मुदतीनंतर पैसे देतो. माल पाठवणाऱ्यासाठी हा फरक जिवावरचा असतो. ती तिरपी रेघ टाइप करताना गाळू नका.

पगार-पेन्शनचा डीपी आता कमी दिसतो, पण नागपुरात रेल्वे, पोस्ट, आयुध निर्माणी अशा केंद्राच्या नोकऱ्यांतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ, म्हणून सांगते. १ एप्रिल २००४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पन्नास टक्के महागाई भत्ता मूळ पगाराला जोडून त्याला डीअरनेस पे म्हटलं, म्हणजे महागाई वेतन. त्या काळच्या स्लिपवर बेसिक, डीपी, डीए अशा तीन ओळी दिसतात. पुढे सहाव्या वेतन आयोगाच्या नव्या वेतनश्रेणींत तो मिसळून गेला. कुटुंब निवृत्तिवेतनाचा जुना कागद हाती आला तर डीपी अन् डीए एकच समजून एक ओळ खाऊ नका, बेरीज चुकते.

दवाखान्याचा डीपी मी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या एका डिस्चार्ज कार्डावर पहिल्यांदा पाहिला. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा अर्ज होता, आजार मधुमेहातली पायाची जखम, अन् कार्डावर ‘डीपी +, पीटी ++’. ते पायाच्या नाड्यांचं टिपण. डीपी म्हणजे डॉर्सॅलिस पेडिस, पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून बघतात ती, अन् पीटी म्हणजे पोस्टेरिअर टिबिअल, घोट्याच्या आतल्या बाजूची. अधिक-उणेच्या खुणा ठोका किती जोरात लागतो ते सांगतात. अशा कागदातलं काही मराठीत फोडून लिहू नका, जसंच्या तसं उतरवा अन् कार्डाची प्रत जोडा.

हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतून दोन येतात. ‘डीपी टेस्ट’ लिहिलं असेल तर डाय पेनेट्रंट : वेल्डिंगवर लाल रंग लावतात, थोडा वेळ मुरू देऊन पुसतात, वर पांढरा डेव्हलपर फवारतात, अन् भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. ‘फिल्टर डीपी हाय’ असेल तर डिफरन्शिअल प्रेशर, फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. तो वाढला म्हणजे फिल्टर तुंबला. पहिल्यासोबत रिपोर्ट असतो, दुसऱ्यासोबत दाबाचं एकक. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांचा डीपी म्हणजे डायनॅमिक प्रोग्रामिंग, शूटिंगवाल्यांचा म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शक. त्यांचे अर्ज माझ्याकडे येत नाहीत.

डिमॅटबद्दल थोडं सविस्तर, कारण घरातला पुरुष गेल्यावर हा कागद बहुतेक वेळा बायकोच्या हाती पहिल्यांदा येतो. देशात डिपॉझिटरी, म्हणजे शेअर कॉम्प्युटरवर सांभाळणाऱ्या संस्था, दोन : एनएसडीएल अन् सीडीएसएल. आपण थेट त्यांच्याकडे जात नाही, मध्ये डीपी असतो. तो कोण हे शोधायला खात्याचं स्टेटमेंट बघा. खाते क्रमांक ‘आयएन’ या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असेल तर एनएसडीएल, सगळे सोळा आकडेच असतील तर सीडीएसएल. दोन्हींत पहिली आठ स्थानं म्हणजे डीपीची ओळख अन् पुढची आठ खातेदाराची. बँकेच्या पासबुकात किंवा ब्रोकरच्या हिशेबात ‘डीपी चार्जेस’ दिसले तर घाबरू नका, शेअर विकले की खात्यातून ते बाहेर जाताना हा आकार लागतो. पण फोन करून कोणी ‘डीपी चार्ज बाकी आहे, ओटीपी सांगा’ म्हणालं तर फोन ठेवा.

हे सगळं करूनही एखादी चिठ्ठी उलगडत नाही. तेव्हा ज्यानं ती लिहून दिली त्याला माझ्या टेबलावरूनच फोन लावायला सांगते अन् एकच विचारते, ‘हा कागद कोणत्या खिडकीत द्यायचा आहे?’ ‘डीपी म्हणजे काय’ असं विचारत नाही, कारण लोक त्याचं उत्तर ‘डीपी म्हणजे डीपी’ असंच देतात. खिडकी कळली की बाकीचं कळतं. अन् टाइप करताना पहिल्या वेळी पूर्ण नाव लिहायचं, पुढे हवं तर डीपी.

मानेवाड्याच्या काकूंच्या भाच्याला त्या दिवशी असाच फोन लावला. त्यांच्या पतीच्या स्टेटमेंटवर ‘आयएन’ होतं, डीपी म्हणजे त्यांचीच बँक, घरापासून दहा मिनिटांवर. आम्ही विषय लिहिला : ‘दिवंगत खातेदाराच्या डिमॅट खात्यातील शेअर नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे वर्ग करण्याबाबत.’ बँकेचा छापील ट्रान्समिशन फॉर्म मागवून तो भरला, मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली. काकूंचं स्वतःचं डिमॅट खातं नव्हतं. शेअर चढायला ते लागतंच, म्हणून आधी पॅन अन् आधार घेऊन तेच उघडायला पाठवलं. त्या वेळचे टायपिंगचे पैसे मी घेतले नाहीत. पावसाळ्यात एक दिवस त्या नवं स्टेटमेंट घेऊन आल्या, वर त्यांचं नाव छापलेलं होतं, अन् म्हणाल्या, ‘ताई, याची एक झेरॉक्स काढून द्या, कपाटात ठेवते.’